वजन उतरले, मुरमे मात्र उरली

स्थूलपणा ही आता केवळ मोठ्या शहरांची तक्रार राहिलेली नाही. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा गावांतही शंभरी ओलांडलेले तरुण-तरुणी दिसतात. आहार, व्यायाम आणि औषधे यांचा उपयोग झाला नाही की त्यांपैकी काही जण पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाऊन वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतात. डॉक्टर तिला ‘बॅरिॲट्रिक’ शस्त्रक्रिया म्हणतात. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईत आणून सैफी रुग्णालयात त्यांच्यावर अशीच शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्रांतून त्या बातम्या आल्या आणि हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला.

शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षात वजन झपाट्याने उतरते. साखर आटोक्यात येते, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होतात, गुडघे हलके होतात. पण काहींची एक तक्रार तशीच राहते किंवा नव्याने सुरू होते. चेहऱ्यावर, पाठीवर, छातीवर मोठमोठी, दुखणारी मुरमे येतात. मलमांनी ती जात नाहीत. मग त्वचारोगतज्ज्ञ पोटात घ्यायचे औषध सुचवतात. येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या पोटाची आणि आतड्याची रचनाच बदलली आहे, त्याने ही औषधे कशी घ्यावीत? आजच्या लेखात याच प्रश्नाचा विचार करू.

तीव्र मुरमे कशाला म्हणायचे?

वयात येताना कपाळावर, गालावर चार पुटकुळ्या येणे स्वाभाविक आहे. त्यांना तारुण्यपीटिका असे छान नाव आहे आणि बहुतेकांच्या त्या काही वर्षांत जातात. तीव्र मुरमांचा प्रकार वेगळा असतो. त्वचेखाली वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या कठीण गाठी होतात, त्यांत पू धरतो, हात लावला तरी दुखते आणि बरे झाल्यावर खड्डे किंवा जाड वण राहतात. हे खड्डे आयुष्यभर राहू शकतात, म्हणून अशा मुरमांवर वेळेत उपचार होणे जरुरीचे असते. ‘लग्न झाले की जातील’ असे म्हणून वाट पाहण्यात नुकसानच होते.

मुरमांच्या मुळाशी चार गोष्टी असतात. त्वचेतील तेलग्रंथी जास्त तेल तयार करतात, केसाच्या मुळाचे छिद्र मृत पेशींनी बुजते, तेथे विशिष्ट जंतू वाढतात आणि त्यातून दाह होतो. या सगळ्यामागे बहुतेक वेळा संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा हात असतो.

शस्त्रक्रियेनंतर मुरमे का?

याची कारणे अनेक आहेत आणि ती शोधल्याशिवाय थेट जालीम गोळी सुरू करणे योग्य नाही.

पहिले कारण म्हणजे स्त्रियांमधील ‘पीसीओडी’. यात पाळी अनियमित होते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढते आणि मुरमे येतात. स्थूलपणासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या अनेक तरुणींना हा विकार आधीपासूनच असतो. वजन उतरल्यावर तो बराच सुधारतो, पण सर्वांची मुरमे पूर्ण जातातच असे नाही.

दुसरे कारण पूरक औषधांचे आहे. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्व ‘बी-१२’ कमी पडते, म्हणून त्याची इंजेक्शने किंवा गोळ्या दिल्या जातात. जास्त मात्रेत दिलेल्या बी-१२मुळे काहींच्या अंगावर एकाएकी मुरमांसारखे पुरळ उठते. अशा वेळी मात्रेचा फेरविचार करता येतो. मात्र बी-१२ आपल्या मनाने बंद करू नये, कारण ते कमी पडले तर नसांचे नुकसान होते.

तिसरे कारण प्रथिनांच्या पावडरीचे. शस्त्रक्रियेनंतर प्रथिने भरपूर लागतात, म्हणून दुधापासून काढलेली ‘व्हे’ पावडर दिली जाते. काही रुग्णांत या पावडरीने मुरमे वाढल्याचे दिसते. डॉक्टरांना विचारून डाळी, अंडी, सोयाबीन किंवा दुसऱ्या प्रकारची पावडर असा बदल करून पाहता येतो.

चौथे कारण जस्ताच्या कमतरतेचे. जस्त म्हणजे झिंक. ते कमी पडले तर तोंडाभोवती लालसर पुरळ येते, केस गळतात, जखमा लवकर भरत नाहीत. हे पुरळ मुरमांसारखे दिसले तरी त्याचा उपाय वेगळा आहे.

पाचवे कारण घराघरात सापडते. गोरे दिसण्यासाठी किंवा डाग घालवण्यासाठी मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची मलमे हे ते कारण. आठवडाभर चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे मुरमे, लाली आणि केस यांनी चेहरा भरून जातो. केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद करणारा नियम केला. तरीही ती सर्रास वापरली जातात.

औषध कोणते आणि ते काय करते?

गाठींच्या, खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर सर्वांत प्रभावी औषध म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. ते जीवनसत्त्व ‘अ’च्याच कुळातले आहे. अमेरिकेतील संशोधक गॅरी पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली १४ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. कोणत्याही उपचाराला दाद न देणारी मुरमे असलेल्या या १४ जणांपैकी १३ जणांची त्वचा पूर्णपणे स्वच्छ झाली. १९८२ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. आपल्याकडेही ते अनेक वर्षे वापरात आहे.

मुरमांच्या मुळाशी असलेल्या चारही गोष्टींवर हे औषध काम करते. तेलग्रंथी आकसतात, छिद्रे मोकळी होतात, जंतूंना पोसणारे तेलच कमी झाल्याने जंतू घटतात आणि दाह शमतो. साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम अशी मात्रा असते. संपूर्ण उपचारात दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटात जावे, असा जुना आणि बहुतेकांनी मानलेला हिशोब आहे.

हा हिशोब वजनावर बसवलेला आहे, हे शस्त्रक्रिया झालेल्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. समजा, एका तरुणीचे वजन ११० किलो होते आणि आता ७५ किलो आहे. ११० किलोच्या हिशोबाने एकूण औषध किमान १३,२०० मिलिग्रॅम होते. ७५ किलोच्या हिशोबाने ते ९,००० मिलिग्रॅम होते. रोज ४० मिलिग्रॅम घेतल्यास ९,००० मिलिग्रॅमसाठी साडेसात महिने लागतात. म्हणून जुन्या चिठ्ठीवरील जुन्या वजनाने मात्रा ठरवू नये. प्रत्येक भेटीत वजन करून घ्यावे. वजन अजून वेगाने उतरत असेल तर ते स्थिरावेपर्यंत थांबणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

गोळी पोटात गेली, रक्तात गेली का?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आयसोट्रेटिनॉइन हे तेलात विरघळणारे औषध आहे. ते आतड्यातून रक्तात जाण्यासाठी सोबत स्निग्ध पदार्थ असावे लागतात. उपाशीपोटी घेतले तर जेवणासोबत घेतल्याच्या निम्म्याहूनही कमी औषध रक्तात पोचते. औषध किती शोषले जाते हे तपासताना जे स्निग्ध जेवण दिले जाते, त्यात सुमारे ५० ग्रॅम चरबी आणि ८०० ते १,००० कॅलरी असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक रुग्णांचा अख्ख्या दिवसाचा आहारच एवढा असतो!

त्यात शस्त्रक्रियेचा प्रकारही महत्त्वाचा. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्याचा मार्ग मात्र बदलत नाही. ‘बायपास’मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते आणि पित्तरस त्याला उशिरा भेटतो. पित्ताशिवाय स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि स्निग्ध पदार्थ पचले नाहीत तर त्यांच्यासोबतचे औषधही वाया जाते. म्हणून बायपास झालेल्यांत, आणि आतड्याचा त्याहून मोठा भाग टाळणाऱ्या शस्त्रक्रियांत, ही अडचण जास्त येते.

मग उपाय काय? गोळी दिवसातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत स्निग्ध जेवणासोबत घ्यावी. आहारतज्ज्ञांनी परवानगी दिली असेल तर चमचाभर तूप, तेल घातलेली शेंगाचटणी किंवा अंडे त्या जेवणात असावे. बायपासनंतर एकदम जास्त तेलकट खाल्ले तर जुलाब होतात, पोटात कळ येते. त्यामुळे गोळीच्या नावाखाली तळलेले पदार्थ खाऊ नयेत. रोजची मात्रा दोन वेळांत विभागून देण्याचा मार्गही डॉक्टर सुचवू शकतात. अन्नावर कमी अवलंबून असणारा एक सुधारित प्रकार अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाला. उपाशीपोटीही त्याचा बराच भाग शोषला जातो. तो आपल्यासाठी योग्य आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

औषध अंगी लागते आहे की नाही, याची एक साधी खूण आहे. हे औषध घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचे ओठ कोरडे पडतात, सालपटे निघतात. पुरेशी मात्रा महिना-दीड महिना घेऊनही ओठ मऊच राहिले आणि मुरमेही कमी झाली नाहीत, तर औषध नीट शोषले जात नसावे अशी शंका घ्यावी आणि डॉक्टरांना सांगावे. आपल्या मनाने दोनाच्या चार गोळ्या करू नयेत. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मुरमे थोडी वाढल्यासारखी वाटू शकतात, हेही लक्षात असू द्यावे.

जीवनसत्त्व ‘अ’ दोनदा नको

शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांत बहुधा ५,००० ते १०,००० युनिट जीवनसत्त्व ‘अ’ असते. आयसोट्रेटिनॉइन त्याच कुळातले असल्याने दोन्ही एकत्र झाले तर ‘अ’चा अतिरेक होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, त्वचा फार कोरडी होणे, यकृतावर ताण अशी लक्षणे दिसतात. म्हणून एरवी हे औषध घेणाऱ्यांना जीवनसत्त्व ‘अ’च्या गोळ्या बंद करायला सांगतात.

पण शस्त्रक्रिया झालेल्यांत चित्र दुहेरी असते. आतड्यातून शोषण कमी झाल्याने काहींना ‘अ’ची कमतरताही असते आणि संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. आयसोट्रेटिनॉइनमुळेही रात्रीची नजर मंदावू शकते. रात्री पुणे किंवा विजापूर रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी रक्तातील ‘अ’चे प्रमाण तपासून घेणे चांगले. मल्टिव्हिटॅमिनची बाटलीच डॉक्टरांसमोर ठेवावी. लोह, कॅल्शियम, ‘ड’, बी-१ आणि बी-१२ यांच्या गोळ्या तर चालू राहायलाच हव्यात. ‘त्वचेच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन नको म्हटले’ म्हणून सगळ्याच गोळ्या फेकून देण्याची चूक कोणी करू नये.

सर्वांत मोठा धोका

या औषधाचा सर्वांत गंभीर धोका गर्भाला आहे. १९८२ साली औषध बाजारात आले आणि १९८३ सालापासूनच व्यंग असलेल्या बाळांच्या नोंदी येऊ लागल्या. कान नसणे किंवा अगदी लहान असणे, चेहऱ्याची ठेवण बिघडणे, हृदय आणि मेंदू यांची वाढ सदोष होणे अशी ही व्यंगे असतात. गर्भारपणात हे औषध पोटात गेलेल्या मातांच्या बाळांपैकी साधारण २० ते ३५ टक्के बाळांना अशी व्यंगे होतात. गर्भपाताचे प्रमाणही वाढते. याच कारणाने अमेरिकेत २००६ सालापासून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याची सक्ती झाली.

म्हणून औषध सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून, औषध चालू असताना आणि थांबवल्यावर आणखी एक महिना गर्भधारणा होता कामा नये. सुरू करण्यापूर्वी आणि दर महिन्याला गर्भधारणेची तपासणी करावी.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांमध्ये हा धोका दोन कारणांनी वाढतो.

एक, वजन उतरले की बीजकोश पुन्हा नीट काम करू लागतात. ज्या विवाहितेला पीसीओडीमुळे पाच-सात वर्षे दिवस गेले नाहीत, तिची पाळी नियमित होते आणि तिला कल्पना नसताना दिवस जाऊ शकतात. ‘मला कुठे मूल होतंय, मला त्या गोळीची काय भीती?’ असा विचार ती करते. हाच विचार तिला महागात पडू शकतो.

दोन, गर्भनिरोधक गोळ्याही आतड्यातूनच शोषल्या जातात. बायपाससारख्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. उलट्या किंवा जुलाब झाले तर तो आणखी घटतो. म्हणून अशा स्त्रियांनी केवळ तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. तांबी, हार्मोनयुक्त तांबी किंवा इंजेक्शन यांपैकी कोणता मार्ग योग्य, हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. साध्या तांबीने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर आधीच लोह कमी असते, म्हणून हिमोग्लोबिन पाहूनच निर्णय घ्यावा. त्याशिवाय पतीने निरोध वापरावा, म्हणजे दुहेरी काळजी होते.

एरवीही शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. मूल हवे असणाऱ्या जोडप्याने आधी दोन्ही डॉक्टरांशी बोलून वेळापत्रक आखावे. सासूबाई किंवा आईही सोबत येत असतील तर त्यांनाही ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी. संकोचापोटी लपवून ठेवल्याने धोका वाढतो.

अविवाहित मुलीला हा प्रश्न विचारला म्हणून पालकांनी रागावू नये. हे औषध देताना प्रत्येक स्त्रीला हा प्रश्न विचारणे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

अंगदुखीची गोळी आणि इतर औषधे

आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांपैकी काहींना अंग, कंबर आणि सांधे दुखतात. अशा वेळी आपण शेजारच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो. बायपास झालेल्याने हे करू नये. जेथे जठर आणि आतडे जोडलेले असतात, त्या सांध्यावर या गोळ्यांनी व्रण पडतो आणि रक्तस्रावही होऊ शकतो. दुखलेच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे आणि व्यायाम थोडा कमी करावा.

मध्यम मुरमांवर डॉक्सिसायक्लिन नावाच्या प्रतिजैविक गोळ्या दिल्या जातात. त्यांचेही काही नियम आहेत. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम होते. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे न होण्याचा सल्ला असतो. पण शस्त्रक्रिया झालेल्याला पेलाभर पाणी एका दमात पिता येत नाही. त्याने बसून, घोट घोट पाणी घेत ती गिळावी आणि झोपताना कधीही घेऊ नये. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतात आणि तिचा उपयोग होऊ देत नाहीत. त्यामुळे दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचे अंतर असावे. डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन या दोन्ही गोळ्या एकाच वेळी कधीही घेऊ नयेत. कवटीतला दाब वाढून नजरेला इजा होऊ शकते. स्थूल तरुणींमध्ये हा विकार एरवीही आढळतो. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे आणि उलट्या अशी लक्षणे दिसताच औषध थांबवून लगेच डॉक्टर गाठावेत.

पीसीओडीच्या मुरमांवर स्पायरोनोलॅक्टोन हे औषधही वापरतात. त्याने लघवी जास्त होते आणि रक्तदाब उतरतो. शस्त्रक्रियेनंतर पाणी कमी पिणाऱ्यांना त्याने चक्कर येऊ शकते. हे औषधही गर्भारपणात चालत नाही.

केस, ऊन आणि मन

शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांचे केस गळतात आणि पुढे पुन्हा येतात. आयसोट्रेटिनॉइननेही काहींचे केस विरळ होतात. दोन्ही एकाच वेळी आले तर रुग्ण घाबरून जातो. म्हणूनही घाई नसावी.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या औषधाने आधीच पातळ आणि कोरडी झालेली त्वचा लवकर भाजते. डॉक्सिसायक्लिननेही ऊन बाधते. स्कार्फ, टोपी आणि उन्हापासून रक्षण करणारे मलम वापरावे. ओठांना व्हॅसलिन लावावे, डोळे चुरचुरत असतील तर डॉक्टरांकडून थेंब घ्यावेत. पाणी दिवसभर थोडे थोडे पीत राहावे. रात्री चेहऱ्याला बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम लावणाऱ्यांनी जुना टॉवेल आणि जुनी उशी वापरावी, नाहीतर नव्या चादरीवर पांढरे डाग पडतात!

मनाची काळजी तितकीच महत्त्वाची. वजन उतरल्यावर आयुष्य एकदम पालटेल अशी अपेक्षा असते. ते तसे झाले नाही की काही जण खचतात. आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या काही रुग्णांतही उदासपणा दिसल्याच्या नोंदी आहेत. घरातील माणूस गप्प झाला, झोप उडाली, ‘जगून काय करायचे’ असे बोलू लागला, तर ‘नाटक करतोय’ असे म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

शस्त्रक्रियेनंतर हे औषध घेताच येत नाही का?
घेता येते. वजन स्थिरावलेले असावे, जीवनसत्त्वे आणि यकृत यांच्या तपासण्या ठीक असाव्यात आणि दोन्ही डॉक्टरांचे एकमत असावे.

कोणत्या तपासण्या लागतात?
यकृताच्या, रक्तातील चरबीच्या (विशेषतः ट्रायग्लिसराइड), हिमोग्लोबिनच्या आणि स्त्रियांमध्ये गर्भधारणेच्या. औषध सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी यकृत आणि चरबी पुन्हा पाहतात. स्थूल व्यक्तींचे यकृत अनेकदा चरबीयुक्त असते, म्हणून ही तपासणी टाळू नये.

पुरुषांनी घेतल्यास होणाऱ्या बाळाला धोका असतो का?
पुरुषाने घेतलेल्या या औषधाने बाळात व्यंग येत नाही. मात्र त्याने आपली गोळी पत्नीला किंवा बहिणीला देऊ नये.

रक्तदान करता येते का?
नाही. औषध चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना रक्तदान करू नये. ते रक्त गर्भवतीला दिले जाऊ शकते. जयंती-उत्सवातील शिबिरांत उत्साहाने पुढे जाणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

कोठा साफ नाही म्हणून मुरमे येतात ना? जुलाबाचे औषध घेऊ का?
मुरमांचा आणि कोठ्याचा असा थेट संबंध नाही. शस्त्रक्रिया झालेल्याने जुलाबाची औषधे मनाने घेतली तर पाणी आणि क्षार कमी होऊन अशक्तपणा येतो. शिवाय इतर गोळ्याही न शोषता बाहेर जातात.

कॅप्सूल फोडून घेतली तर चालेल का?
चालणार नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या काळात गोळ्या कुटून घ्यायला सांगतात, ती सवय येथे नको. अख्खी कॅप्सूल गिळता येत नसेल तर थांबावे.

मुरमे पुन्हा येतात का?
अनेकांना एकदाच उपचार पुरतो. काहींना पुन्हा येतात. मात्रा अपुरी पडली असेल किंवा पीसीओडी तसाच असेल तर ही शक्यता वाढते.

पोट बांधलेल्यांची पुडी

शस्त्रक्रिया एका शहरात, मुरमांचे उपचार दुसऱ्या गावात आणि मेडिकलची गोळी तिसऱ्या ठिकाणी, अशी आपली पद्धत असते. त्यामुळे एका डॉक्टरला दुसऱ्याच्या औषधांची माहितीच नसते. पोटावरचे छोटे व्रण कपड्याखाली झाकलेले असतात. आता सडपातळ दिसणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया झाली आहे हे त्वचारोगतज्ज्ञाला पाहून कळणार नाही. आपणच सांगितले पाहिजे.

म्हणून एका पिशवीत पुढील गोष्टी ठेवाव्यात आणि प्रत्येक भेटीला सोबत न्याव्यात. शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, ज्यावर ‘स्लीव्ह’ की ‘बायपास’ हे लिहिलेले असते. सध्याच्या सर्व गोळ्या, इंजेक्शने, प्रथिनांची पावडर आणि चेहऱ्याला लावायची मलमे. गेल्या सहा महिन्यांतील रक्ताचे अहवाल. शेवटच्या पाळीची तारीख आणि वापरत असलेले गर्भनिरोधक साधन. शेवटी आजचे वजन. पुढे सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया करायची असेल तर तेही आधीच सांगावे, म्हणजे सर्जनला वेळ ठरवता येईल.

खाजगी तज्ज्ञाकडे जाणे परवडत नसेल तर सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, त्वचारोग आणि स्त्रीरोग हे दोन्ही विभाग आहेत. केसपेपर काढताना वरील पिशवी विसरू नका.

आयसोट्रेटिनॉइन हे चांगले औषध आहे. त्याने हजारो तरुणांचे चेहरे खड्ड्यांपासून वाचले आहेत. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातली चार कॅप्सूल मागून घेण्याचे मात्र ते औषध नव्हे. ज्याचे पोट बदलले आहे, त्याची मात्रा, त्याचे जेवण आणि त्याची काळजी इतरांपेक्षा वेगळी असते. ती ठरवण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावे, ‘डॉक्टर, माझी वजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे.’